चांदीच्या डोंगराची माती

१४ सप्टेंबर, रविवार

माती विकत! प्लास्टिकच्या पोत्यात, वर फुलांचं चित्र, आणि आत काय तर म्हणे माशाचं खत, जनावराचं रक्त आणि हाडांचा भुगा. संध्यानं दुकानात उभं राहून पोत्यावरचं वाचून दाखवलं आणि मी पोतं तिथंच खाली ठेवलं. एवढा हिरवागार देश, डोळे दुखतील इतकं गवत, आणि देवीच्या घटाला पसाभर माती मिळेना.

हां, आता नमस्कार. वहीला नमस्कार करतात का मला ठाऊक नाही, पण पहिल्या पानावर करावा. ही वही शिरीषच्या ऑफिसातली. वर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरात, आत सप्टेंबर आला तरी एक ओळ नाही. म्हणजे हा तिथं काय करतो ते कळलं.

मी आक्काताई, हुपरीची. चौथी पास. आमचं गाव चांदीचं. पन्नास वर्षं घरात बसून पैंजणाच्या कड्या जोडल्या, घुंगरांना डाक दिली. डाक म्हणजे सांधा जोडायचा माल, हे मी कुणाला सांगतेय? वहीला. माणसं कामावर गेली की या घरात वहीच उरते. तीन महिन्यांसाठी लेकाकडं आले आहे, डब्लिनच्या बाहेर ल्यूकनला. सून संध्या पुण्याची. नात ईशानी चार वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. मी विचारते, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "आयम ग्रँड, आजी." म्हणजे इथल्या बोलीत, मी ठीक आहे. एवढंसं पोर आणि ग्रँड.

बावीसला घट बसणार. घरामागं बाग म्हणून चार हात जागा आहे, तिथं शेजारणीचं मांजर रोज येऊन आपला कार्यक्रम उरकून जातं. ती माती देवीला घालू?

शिरीष म्हणाला, "आई, पेपर टॉवेलवर पण धान्य उगवतं. व्हिडिओ आहे."

"देवीला हात पुसायला बसवतोस काय रे?"

फोनवरचा व्हिडिओ बंद केला. इंजिनियर आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

आज चांदीची खाण बघून आलो. बंद पडलेली. चालू असताना कुणी ढुंकून बघत नव्हतं असणार, बंद पडल्यावर गाड्या काढून जायचं, ही इथली रीत.

आई चांदीच्या गावची, खूष होईल, असं शिरीषच्या डोक्यात आलं. संध्याला काम होतं, ती घरी. ईशानीला धरून आम्ही तिघं दीड तास गाडीत. विकलोचे डोंगर म्हणतात त्याला. डोंगर कसले, आमच्या जोतिबाच्या पायथ्याला बसतील. खाणीच्या जागेचं नाव मला म्हणता येत नाही. शिरीषलाही येत नाही, पण तो येतं असं दाखवतो.

पत्र्याच्या खोलीत एक म्हातारा होता, डोनल. माझ्याच वयाचा, गुडघे माझ्यासारखेच कुरकुरणारे. त्याचा बाप या खाणीत शेवटपर्यंत होता. डोनल सांगायचा, शिरीष मराठीत करायचा. म्हणजे अर्धं करायचा, उरलेल्या अर्ध्या वेळात फोन.

गोष्ट अशी. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीखालून तापलेला दगड वर चढला, ग्रॅनाइट. वर पाटीचा दगड होता, त्याला त्यानं भाजून काढलं. दोन्ही निवताना भेगा पडल्या. त्या भेगांतून कढत पाणी वर आलं, पाण्यात विरघळलेलं शिसं, जस्त, चांदी. पाणी निवलं तसा माल भेगेत बसला. शिरीष त्याला हायड्रो-काहीतरी म्हणायला लागला.

म्हटलं, "गप. सांध्याला डाक दिली, फुंकणीनं जाळ मारला की चांदी आपली आपण फटीत पळते. तसंच हे. डोंगराला डाक दिलीया कुणीतरी."

शिरीषनं ते सांगितल्यावर डोनल मोठ्यानं हसला आणि माझा हात हातात घेऊन हलवत राहिला. म्हणाला, तीस वर्षं सांगतोय, इतकं सोपं मलाही जमलं नाही. न जमायला काय झालं? कधी जाळासमोर बसला असता तर जमलं असतं.

मग त्यानं दगड दिला. करडा, चकचकीत, फुटला की चौकोनी फुटणारा, आणि वजनाला पाट्याच्या वरवंट्यासारखा. "सिल्व्हर," म्हणाला. मी हातात तोलला, नखानं ओरखडा काढला.

"चांदी न्हवं ही. शिसं हाय."

डोनल म्हणाला, बरोबर, शिसंच, त्याच्या पोटात चांदी लपलेली. गाडाभर दगड फोडावा तेव्हा मूठभर हाताला लागायची. वितळवायचं, भट्टीत वारा मारायचा, शिसं निघून जातं आणि चांदी मागं राहते. मला शिकवतोय! म्हटलं, "शिरीष, सांग त्याला, आमच्या गल्लीत दत्तू आटणीवाला होता, हेच करायचा. शिशाच्या धुरात चाळीस वर्षं. शेवटी मनगटं लोंबायला लागली, हिरड्या निळ्या पडल्या, पोट धरून धरून गेला." पण तेवढ्यात शिरीषला परत फोन आला, ते इंग्रजीत झालंच नाही.

भिंतीवर फोटो होते. एक मिशाळ साहेब, खाणीचा कप्तान, बाहेरून आणलेला, खाली मोठ्या अक्षरात नाव. त्याच्या शेजारी दुसरा फोटो, एकवीस बायका, मी मोजल्या. डोक्याला फडकी, हातात हातोड्या, पुढ्यात दगडाचा ढीग. खाली नाव एकीचंही नाही. विचारायला लावलं. डोनल म्हणाला, खाणीच्या वहीत त्यांची नावं घातलेलीच नाहीत. मला नवल वाटलं नाही. माझ्या कड्या मुंबईच्या काचेच्या दुकानांत गेल्या, माझं नाव कुठल्या काचेवर आहे? पण मी फोटोला तरी बसले नाही. ह्या बसल्या.

मग चांदीची रेघ बारीक होत गेली, बाजारात भाव पडला, बोगद्यात पाणी भरलं, साहेब लोक उठून गेले. डोंगर पोखरून तसाच टाकून. आणि आता त्याला वारसा म्हणायचं.

खोलीच्या मागं मातीचा एक ढिगारा आहे, टेकडीएवढा. दगड कुटून, धुऊन, माल काढून उरलेली माती. हातात घेतली तर वस्त्रगाळ पिठासारखी मऊ. गवताची काडी नाही, शेण नाही, कुत्र्या-मांजराचा माग नाही, किडा-मुंगी नाही. इतकी स्वच्छ माती मी या देशात बघितली नव्हती. ऊन पडलं की बारीक चमकते. मनात आलं, चांदीच्या डोंगराची माती! पोराला पहिला घास चांदीच्या वाटीत, देवाला अभिषेक चांदीच्या ताम्हनात. यापरतं शुद्ध काय असणार? आणि जे काही शिसं-बिसं होतं ते त्या एकवीसजणींनी धुऊन काढलेलंच.

तार होती, पाटी होती. पाटीवर हाताचा पंजा काढलेला.

शिरीष म्हणाला, "आई, इथं जाऊ नका असं लिहिलंय."

"पसाभर मातीला कोण विचारतंय? पिशवी धर."

"नको ना आई. डोनलला विचारूया तरी."

खरं लिहायचं तर तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला असता, पण फोन. मी या वयात तारेखालून वाकून गेले आणि दोन्ही हातांनी पिशवी भरली. चांगली गच्च. घटाला थोडी, उरलेली ईशानीच्या भातुकलीला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसला. परडीत माती, त्यात सात धान्यं, मधे कलश, वर नारळ. नारळ केरळचा, पानं दुकानातली, माती इथली. देवी काय ते समजून घेईल.

संध्यानं विचारलं, "माती कुठली, आई?" पुण्याच्या सुनेला प्रत्येक गोष्टीचं मूळ लागतं.

म्हटलं, "शिरीषनं शोधली, डोंगरावर."

शिरीष पोहे खात होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पोहे खात राहिला.

खोटं कशाला लिहू? मला तारेखालून वाकलेलं सांगायचं नव्हतं. तिनं मग पाटी काय होती, काय लिहिलं होतं, सगळी उलटतपासणी घेतली असती.

उरलेली माती लाल बादलीत घालून मागच्या दारी ठेवली. ईशानीनं लगेच पाणी ओतून केक केले. "आजी, टेस्ट इट!" मी खाल्ल्यासारखं केलं. तिनं खरंच बोट चाटलं. संध्या ओरडली. म्हटलं, "ओरडू नकोस, माती खाल्ल्याशिवाय पोर मोठं होत नसतं. मी खाल्ली, शिरीषनं खाल्ली." संध्या म्हणाली, "ते दिसतंच आहे." मला हसू आलं पण दाखवलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

सहावा दिवस. एक अंकुर नाही.

वसुधाबाईंनी फोनवर फोटो पाठवला. त्या स्वोर्ड्सला राहतात, लेक मयूर विमानतळावर कामाला. देवळाच्या कार्यक्रमात ओळख झाली, तेव्हापासून रोज फोटो. त्यांचा घट चार बोटं वर आलाय, भाताच्या शेतासारखा हिरवा. त्याच दुकानातल्या पोत्याची माती. हाडांवर उगवलेलं ते, मी काही बोलले नाही. आमची माती चांदीच्या डोंगराची आहे एवढं मात्र ऐकवलं. त्यांचा आवाज लगेच बारीक झाला.

संध्या दर तासाला येऊन परडीत वाकून बघते. देव-बिव काही नाही म्हणणारी बाई. मघाशी डोळे लाल दिसले. "अपशकुन असेल का हो, आई?" म्हणाली. म्हटलं, "कसला अपशकुन? घरातल्या हीटरनं सुकतंय. आणि इथल्या गव्हात दम आहे का?"

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

मोजून आठ काड्या उगवल्या. पिवळ्या, आजाऱ्याच्या केसासारख्या. त्यातल्या पाच आडव्या. एक काढून ईशानीच्या केसात खोवली. आपट्याची पानं नाहीत म्हणून शिरीषनं कुठल्यातरी झाडाची पानं आणली, ती पण भलतीच. सोनं म्हणून वाटली. परडीतली माती पुन्हा लाल बादलीत ओतली, वाया कशाला?

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची चकली केली. ईशानीनं एक उचलली, दोन दात लावून खाली ठेवली. मागच्या दिवाळीला फोनवर माझ्यापुढं सहा खाल्लेल्या या पोरीनं. आठवडाभर पोट दुखतंय म्हणते. शौचाला बसते आणि रडते. बारीकसारीक गोष्टीवर चिडते, काल संध्याला चावली.

ब्रेड आणि पास्ता घालून घालून पोरीचं आतडं चिकटवून टाकलंय, दुसरं काय? मी बेंबीला हिंग लावला, ओवा भाजून चावायला दिला, थुंकून टाकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी प्या, फळं खा. यासाठी डॉक्टर लागतो?

खेळते मात्र मागच्या दारी, पाऊस थांबला की बादलीपाशी. तेवढ्यानं रमते. म्हणून मीच पाठवते.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पोरगी पांढरी दिसते म्हणून संध्यानं हट्ट धरून रक्त तपासायला लावलं. माती खाते हेही तिनं सांगितलं. आज फोन आला. संध्यानं जिन्यात उभी राहून ऐकलं आणि खाली येऊन सांगितलं.

ईशानीच्या रक्तात शिसं आहे.

मुलांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून शिसं उतरवायची औषधं देण्याइतकं नाही. पण ते कुठून येतंय ते सापडलं पाहिजे आणि बंद झालं पाहिजे. नाहीतर वाढत जाईल आणि लहान पोराच्या डोक्यात बसेल, शिकण्यावर, बोलण्यावर, सगळ्यावर. मूळ शोधा, हेच औषध, म्हणाले. रक्त वाढायला तेवढं लोहाचं औषध लिहून दिलं.

शिसं. इतक्या लांब येऊन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सरकारी नर्स आली. नीव्ह नाव, वयानं संध्याएवढी, बुटांना चिखल, तशीच आत. गोड बोलत होती. गोड बोलणाऱ्या माणसाच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या असल्या की समजावं.

हळद घेतली. लाल तिखट घेतलं. काजळाची डबी, बाळगुटीची पुडी, मी आणलेली चांदीची वाटी. मग ईशानीच्या पायांकडं बघितलं आणि पैंजण काढायला सांगितले.

ते पैंजण माझ्या हातचे. डोळे अधू व्हायच्या आधी केलेले शेवटचे. एकेक कडी मी वळवलेली, एकेक घुंगरू मी डाकलेलं. नर्सनं ते चिमट्यासारख्या दोन बोटांत धरून पिशवीत टाकले, वर चिकटपट्टी लावली, वर नंबर लिहिला. ईशानी ओरडली, "दोज आर माय आजीज!" तेवढं मला इंग्रजी कळलं.

मी म्हटलं, "संध्या, सांग तिला. माझ्या डाकेत शिसं नसतं. शिशाची डाक देणाऱ्याला आमच्यात चोर म्हणतात."

संध्यानं काहीतरी सांगितलं, माझ्यापेक्षा बरंच लहान. नर्स मान हलवत म्हणाली, तुमच्याकडच्या वस्तूंत असतं कधी कधी, म्हणून बघतो. आमच्याकडच्या! म्हणजे आधी आमचा स्वयंपाक, आमचे दागिने, मग बाकीचं जग.

मागच्या बागेतली मातीही तिनं चमच्यानं घेतली. मांजराची. लाल बादली पावसामुळं शेडमधे होती. मला कुणी विचारलं नाही. इंग्रजीत विचारलं असेल तर मला कळलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

परवा नर्स गेल्यावर मी शेडमधे गेले. बादलीवर ताट झाकलं, ताटावर कुंडी ठेवली. ईशानीला सांगितलं, त्यात उंदीर आहे. का झाकलं ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. हात मात्र दर तासाला तिचे धुतेय, साबणानं, नखं कापून.

दत्तू आठवतो. त्याची बायको म्हणायची, काही खात नाही, शौचाला होत नाही, पोट पोट करतो. आम्ही म्हणायचो, दारू असेल.

माझं असं झालंय. पैंजणांत शिसं निघालं तर पन्नास वर्षांचे माझे हात खोटे. नाही निघालं तर दुसरं काय ते मला ठाऊक आहे, आणि ती पिशवी याच हातांनी भरली. दोन्हीकडून मीच.

संध्याकाळी जेवताना शिरीषचा घास थांबला. म्हणाला, "संध्या, ती घटाची माती..."

संध्यानं चमचा खाली ठेवला. "खाणीतली होती ना ती? तू आणलीस ना? शिरीष, तू खाणीतली माती घरात आणलीस? पाटी नव्हती का तिथं?"

"होती."

"वाचलीस?"

"हो."

"आणि तरी?"

शिरीषनं माझ्याकडं बघितलं. मी पोळी लाटत होते. लाटतच राहिले. तो म्हणाला, "तरी."

असा मूर्ख मुलगा. स्वतःच्या आईचं नाव सांगायला काय दातखीळ बसली होती? संध्या वर गेली आणि दार लावून घेतलं. मी त्याला पोळी वाढली. त्यानं खाल्ली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

शिरीषनं डोनलला फोन केला, माझ्यासमोर, स्पीकर लावून. मग मराठीत सांगितलं, या वेळी सगळं सांगितलं.

त्या काळी दगड कुटून माल धुवायची रीत अशी होती की अर्धं शिसं मातीतच राहून जायचं. ते काम हातानं, पाण्यानं, घाईत. म्हणून तिथं काही उगवत नाही. आसपासच्या लोकांनी कोंबड्या पाळल्या, मेल्या. गाई चरायला गेल्या, मेल्या. म्हणून तार. म्हणून पाटी. डोनल म्हणाला, "माझी आई आम्हाला त्या ढिगाऱ्यावर पाऊल ठेवू द्यायची नाही. बाप कामावरून आला की अंगणात कपडे काढायला लावायची, मग आत." मग विचारत होता, ती मुलगी कशी आहे. पुन्हा पुन्हा विचारत होता.

त्याच्या अडाणी आईला कळत होतं. मला शिसं नखानं ओळखता येतं, ते धुऊन पूर्ण जात नाही हे आटणीच्या गावात राहून मला ठाऊक पाहिजे होतं. आमचे झारेकरी सोनाराच्या दारातली गटारातली माती धुतात, धुऊन टाकलेली पुन्हा धुतात, आणि पुन्हा काहीतरी निघतंच. हे मी लहानपणापासून बघितलंय. गवत उगवत नाही, किडा जगत नाही, त्याला मी स्वच्छ म्हटलं. एवढं शहाणपण घेऊन मी त्या फोटोतल्या बायकांनी सगळं धुऊन काढलं असं धरून चालले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पैंजण परत आले. वाटीही आली. शिसं नाही, हळदीत नाही, काजळात नाही. नर्सनं फोनवर सांगितलं आणि संध्यानं पैंजण माझ्या हातात दिले. मी घासून, पुसून ईशानीच्या पायात घातले. कधी नव्हे ते मला वाटलं, एखाद्या कडीत तरी निघायला पाहिजे होतं.

बागेतल्या मातीत पण नाही. मग कुठून, असं नर्स विचारत होती. नीव्ह उद्या अकराला परत येणार, घर पुन्हा बघणार.

शिरीषचं ठरलंय. म्हणतो, "मी सांगतो, मीच आणली, मला कळलं नाही." संध्या म्हणते, "पाटी वाचून आणली म्हणून सांग, तेही सांग." दोघं पाच दिवस एकमेकांशी फक्त ईशानीच्या औषधाबद्दल बोलतात. संध्या ईशानीजवळ झोपते. शिरीष मला म्हणाला, "आई, तू शुक्रवारी विमानात बसणार. तुला यात कशाला ओढायचं? कागदपत्रांवर नाव येईल, पुढच्या व्हिसाला त्रास. मी बघतो."

मी बघतो. लहानपणी मावसभावानं काच फोडली तेव्हाही त्याचा मार यानंच खाल्ला होता. तेव्हाही मी बघत होते आणि गप बसले होते, कारण मावसभाऊ पाहुणा होता. आता पाहुणी मी.

दुपारी वसुधाबाईंचा फोन. "अहो आक्काताई, तुमच्या चांदीच्या मातीचं मी मयूरला सांगितलं. रविवारी जातोय तो डोंगरावर. पोतंभर आणणार. तुळशीला होईल, आणि नातवाला वाळूत खेळायचं वेड आहे, त्यालाही होईल."

नातू त्यांचा अकरा महिन्यांचा. रांगतो.

मी म्हटलं, "वसुधाबाई, मयूरला सांगा, तिकडं फिरकायचं नाही. त्या मातीत शिसं आहे. आमच्या ईशानीच्या रक्तात गेलंय."

"अगं बाई! शिरीषनं आणली होती ना?"

"मी आणली," म्हटलं. "शिरीष नको म्हणत होता."

त्यांनी घाईनं फोन ठेवला. आता उद्या संध्याकाळपर्यंत ल्यूकन ते स्वोर्ड्स सगळ्या मराठी घरांत पोचेल. पोचू दे. वसुधाबाई तेवढ्या कामाच्या आहेत.

फोन ठेवून वळले तर संध्या दारात. किती वेळ उभी होती माहीत नाही. तिनं ईशानीचं लोहाचं औषध मोजून चमच्यात घातलं आणि तिला पाजायला गेली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नऊ वाजलेत. नीव्ह अकराला येईल.

लाल बादली मी शेडमधून काढून पुढच्या दारी पायरीवर ठेवली आहे, ताट आणि कुंडी तशीच. तिनं आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आता भरू देत. पैंजण टाकले तसेच दोन बोटांनी टाकू दे. नंबर लिहू दे.

ही वही चहाच्या टेबलावर ठेवते. २० सप्टेंबरचं पान उघडून ठेवते, वर दगड ठेवते म्हणजे मिटणार नाही. डोनलनं दिलेला तोच दगड. तोही नीव्हला द्यायचा, घरात ठेवायचा नाही.

संध्या, नर्स यायच्या आधी ते पान तू वाचायचंस. काल फोनवर ऐकलंस तेवढंच नाही, पाटीपासून पिशवीपर्यंत सगळं. "तो दोनदा नको म्हणाला" या ओळीवर थांबायचंस आणि मग वर जाऊन तुझ्या नवऱ्याशी काय बोलायचं ते बोलायचंस. माझ्याशी बोलायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. नाही बोललीस तरी चालेल.

बाई प्रश्न विचारेल. इंग्रजीतून मराठीत तू करायचंस, शिरीषनं नाही, तो गाळतो. तिनं माझ्याकडं बघून विचारायचं. मी जे सांगेन त्यातलं एक अक्षर लहान करायचं नाही, गोड करायचं नाही. आजी अडाणी आहे, तिला कळलं नाही, असलं काही मधे घालायचं नाही. कळत होतं. दत्तूचं पण सांगायचं.

नाव लिहायला कागद काढला तर माझं नाव गावासकट लिहायला सांग. आक्काताई, हुपरी. त्या फोटोसारखं कोरं सोडायचं नाही.

शिरीषनं स्वयंपाकघरात बसायचं आणि ईशानीचे हात धुवायचे. दार वाजलं की मी उघडणार. माती कुणी आणली म्हणून विचारलं तर या घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. उत्तर मी देणार.